आवाज किती वॉटचा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहितो. शिक्षण बी.ए.पर्यंत, तेही मराठी घेऊन. त्यामुळे मी वॉट आणि डेसिबल या विषयावर बोलणार असं कळल्यावर ओळखीच्या मंडळींना हसू आलं. पण हे दोन शब्द मी पुस्तकातून शिकलो नाही. ते आमच्या घरातच वावरत होते. माझे अब्बा लाऊडस्पीकरवाले होते.

आमचं गाव शिरढोण. पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याच्या अलीकडे ते येतं. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं हे जन्मगाव. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी ते इथे जन्मले. पुण्यात स्वतःचं भाषण असलं की ते दिवसा रस्त्यांतून थाळी वाजवत हिंडत आणि संध्याकाळी ऐकायला या म्हणून लोकांना सांगत, असं त्यांच्या चरित्रात येतं. १७ फेब्रुवारीला त्यांचा स्मृतिदिन असतो. त्या दिवशी भाषणांना माईक आमचा असे. थाळीची ही गोष्ट अब्बा दरवर्षी कुणा ना कुणा वक्त्याच्या तोंडून ऐकत आणि रात्री तारा गुंडाळताना मला विचारत, "काय रे, थाळी किती वॉटची असेल?"

तेव्हा आम्ही हसायचो. आता मला तो प्रश्न फार चांगला वाटतो.

अब्बांचं मशीन व्हॉल्व्हचं होतं. जाड पत्र्याची पेटी, पुढे तीन खुंट्या, मागे जाळीआड काचेचे व्हॉल्व्ह. ताकद ३० वॉट. जोडीला दोन भोंगे, एक माईक, रेकॉर्डची एक पेटी आणि बांबू बांधायला सुतळी. बटण दाबलं तरी मशीन लगेच बोलत नसे. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागे. तेवढ्या वेळात यजमान तीनदा विचारी, "चाचा, चालू झालं का?" मग काचेच्या आत नारिंगी उजेड दिसू लागे, भोंग्यातून बारीकशी खरखर येई आणि अब्बा माईकवर टिचकी मारत. लग्न, हळद, सत्यनारायण, उरूस, निवडणुकीची सभा, सगळीकडे हेच मशीन. थंडीत मी त्याच्या मागच्या बाजूला हात शेकत बसे.

१९८४ साली अब्बांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नवं मशीन आणलं. ट्रान्झिस्टरचं. वजनाला निम्मं, तापायची भानगड नाही, आणि कपाळावर ठळक आकडा, १०० वॉट. ३० वरून एकदम १००! अब्बांनी त्यासाठी कर्ज काढलं होतं.

पहिलंच काम शेजारच्या गावातल्या हळदीचं. भोंगे बांधले, बटण दाबलं, गाणं लावलं आणि पाच मिनिटांत यजमान आले. "चाचा, आज आवाज कुठं गेला?" अब्बांनी खुंटी शेवटापर्यंत पिळली. आवाज वाढण्याऐवजी चिरकला. रात्री नऊ वाजता टेम्पो पाठवून घरून जुनं मशीन मागवावं लागलं. ते लावलं आणि आवाज गावभर गेला. अब्बांचा चेहरा मात्र उतरला तो उतरलाच. त्या रात्रीपासून ते सांगू लागले, "व्हॉल्व्हचा एक वॉट म्हणजे ट्रान्झिस्टरचे चार."

श्रोते हो, हे वाक्य केवळ माझ्या अब्बांचं नाही. जगभरचे गिटारवाले, जुन्या रेडिओंचे शौकीन आजही असंच काहीसं बोलतात. व्हॉल्व्हचं १५ वॉटचं मशीन ट्रान्झिस्टरच्या ५० वॉटच्या मशीनला भारी पडतं, असं शपथेवर सांगणारे भेटतात. मग यात खरं किती?

वॉट हे ताकदीचं माप आहे. दर सेकंदाला किती ऊर्जा दिली गेली, ते वॉट सांगतो. ही ऊर्जा व्हॉल्व्हने दिली की ट्रान्झिस्टरने, हे वॉटला ठाऊक नसतं. ट्रान्झिस्टरचा शेर आणि व्हॉल्व्हचा सव्वाशेर असं काही नाही. म्हणजे अब्बांचं वाक्य विज्ञानात बसत नव्हतं. पण त्या रात्री आवाज कमी आला होता हे गावाने कानांनी ऐकलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

कोडं सुटलं ते पनवेलला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकच्या टेबलावर. त्याने आधी मशीन उलटं केलं आणि मागची बारीक अक्षरं वाचली. १०० हा आकडा क्षणभराच्या उसळीचा होता. सतत देता येणारी ताकद ५० वॉट होती, आणि तीही भोंग्यांचा विरोध ८ ओहम असला तरच. मग त्याने विचारलं, "चाचा, भोंगे कसे जोडता?"

अब्बा दोन्ही भोंगे एकापुढे एक, सिरीजमध्ये जोडत. प्रत्येक युनिट १६ ओहमचं, म्हणजे दोन्हींचे मिळून ३२ ओहम. जुन्या मशीनला हे चालत असे, कारण व्हॉल्व्ह आणि भोंगे यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असतो. त्याला वेगवेगळ्या ओहमच्या खुणा असतात. जुळणारी खूण शोधायची आणि तार लावायची. नव्या मशीनला असा मध्यस्थ नव्हता. समोर चौपट विरोध आला की ते मुकाट्याने चौथा हिस्सा ताकद देतं. ५० चा चौथा हिस्सा साडेबारा. कपाळावर १०० लिहिलेलं मशीन त्या हळदीत साडेबारा वॉटचं झालं होतं! मेकॅनिकने दोन्ही भोंगे समांतर, म्हणजे पॅरलल जोडले. १६ आणि १६ चे ८ ओहम झाले आणि मशीन मोकळं झालं.

अब्बा लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "हां, जुन्यापेक्षा थोडा जास्त आहे." आणि मग जरा थांबून, "थोडाच."

हा "थोडाच" पुढे मला समजला, तो डेसिबलमुळे. आपला कान वाण्याच्या तराजूसारखा चालत नाही. ताकद दुप्पट झाली म्हणजे आवाज दुप्पट ऐकू येत नाही. कान पटीत मोजतो. म्हणून आवाजाचं माप डेसिबलमध्ये करतात. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलच्या नावावरून तो शब्द आला. ताकद दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि एवढा फरक जेमतेम लक्षात येतो. आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. अब्बांच्या ३० वॉटच्या दुप्पट आवाज हवा असेल तर ३०० वॉट हवेत. चौपट हवा असेल तर ३,०००. आणि ३० वरून ५० वर गेलो तर वाढ सव्वादोन डेसिबलची. थोडीच.

आता राहिला प्रश्न व्हॉल्व्हच्या नावलौकिकाचा. तो उगाच झालेला नाही. मशीन आपल्या ताकदीच्या आत चालत असेल तर व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांतला फरक सामान्य कानाला फारसा कळत नाही. फरक सुरू होतो मर्यादा ओलांडल्यावर. १९७३ साली रसेल हॅम या अमेरिकी अभियंत्याने ध्वनितंत्रज्ञांच्या एका नियतकालिकात याच मुद्द्यावर लेख लिहिला होता आणि तो अजून वाचला जातो. गाण्यात, बोलण्यात आवाजाला टोकं असतात. ‘भारतमाता की’ म्हणताना वक्ता मध्येच उसळतो, ते टोक. मशीनला ते टोक झेपलं नाही की व्हॉल्व्ह ते हळूहळू वाकवतो, ट्रान्झिस्टर सपाट छाटतो. वाकवलेला आवाज भरदार, थोडा घोगरा वाटतो. छाटलेला कानाला बोचतो. म्हणून व्हॉल्व्हचं मशीन ३० च्या पुढे ताणलं तरी वऱ्हाडी कुरकुर करत नसत. ट्रान्झिस्टरवाल्याला मात्र खुंटी मागे घ्यावी लागे, नाहीतर भोंग्याचं युनिट जळे. एक मशीन शेवटच्या दाण्यापर्यंत वापरलं जाई, दुसरं अर्ध्यावर ठेवावं लागे. लोक म्हणत, व्हॉल्व्हचा आवाज मोठा.

म्हणूनच नुसता आकडा काही सांगत नाही. तो सतत ताकदीचा की क्षणभराच्या, किती ओहमवर, आणि आवाज किती बिघडेपर्यंत मोजला, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. अमेरिकेत घरगुती मशीनच्या जाहिरातींत आकड्यांचा इतका गोंधळ झाला की १९७४ मध्ये तिथल्या सरकारला हे नियमाने सांगायला लावावं लागलं. आपल्याकडे १९९० च्या आसपास हाताएवढ्या टेपरेकॉर्डरवर हजार वॉटचे चकचकीत स्टिकर होते, ते अनेकांना आठवत असतील.

आणि या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे भोंगा. मशीन वीज देतं, आवाज स्पीकर करतो. घरातल्या साध्या स्पीकरपेटीला एक वॉट दिला तर एक मीटरवर साधारण ९० डेसिबल आवाज मिळतो. पत्र्याच्या भोंग्याला तोच एक वॉट दिला तर १०५ किंवा त्याहून जास्त. हा १५ डेसिबलचा फरक म्हणजे तीसपट ताकद. भोंग्यावरचे ३० वॉट म्हणजे पेटीवरचे ९००! भोंग्याला ढोलाचा घुमार येत नाही, पण माणसाचा शब्द तो दूर नेतो. अब्बांचं यश व्हॉल्व्हचं कमी आणि पत्र्याचं जास्त होतं.

मी एकदा कागद घेऊन हिशेब केला. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने उतरतो. भोंग्याला एकच वॉट दिला तर शंभर मीटरवर साधारण ६५ डेसिबल उरतात. समोर बसून बोलणाऱ्या माणसाचा आवाज साधारण एवढाच असतो. म्हणजे वाहनांची वर्दळ नसलेल्या आमच्या त्या शिरढोणात शंभर मीटरवर बसलेल्या म्हातारीला भाषण ऐकवायला एक-दोन वॉट पुरले असते. ३० मुळातच जास्त होते.

पण धंद्यात तसं चालत नाही. शेजारच्या गावातल्याने २५० आणलं म्हणून अब्बांनी २५० आणलं. मग ५००. भोंगे गेले, मोठ्या पेट्या आल्या. नंतर डीजे आला, आणि त्याच्या भिंतीपुढे आमचा धंदा बसला. खालच्या सुरांना कान मुळात कमी दाद देतो, हे फ्लेचर आणि मन्सन या दोघा संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. म्हणून छातीत धडधडणारा ठोका हवा असेल तर हजारो वॉट ओतावे लागतात. आज आमच्या पट्ट्यात हळदीच्या रात्री खिडक्यांची तावदानं थरथरतात, ते याच वॉटांमुळे.

श्रोते हो, इथवर मी यंत्राचं सांगितलं. आता कानांचं सांगतो.

अब्बा नव्या मशीनबद्दल नेहमी तक्रार करत. प्रत्येक मशीन पहिलं वर्ष चांगलं चालायचं, मग म्हणे फुसकं व्हायचं. ते खुंटी दरवर्षी एक घर पुढे नेत. आम्ही म्हणायचो, कंपन्या बदमाश आहेत. अब्बा म्हणत, व्हॉल्व्हची सर यांना नाही. खूप वर्षांनी एका दवाखान्यात त्यांच्या कानांची तपासणी झाली. डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. खालच्या सुरांना ती ठीक होती आणि ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात गेली होती. मोठ्या आवाजात आयुष्य काढलेल्या माणसाचा आलेख असाच दिसतो, असं ते म्हणाले. मशीनं फुसकी झाली नव्हती. दरवर्षी अब्बांचे कान थोडे थोडे जात होते आणि ते त्याची भरपाई खुंटीने करत होते. त्या खुंटीसमोर गाव बसलेलं असायचं. मीही भोंग्याखालीच बसलेला असायचो.

हे ऐकून ते काही बोलले नाहीत. घरी येईपर्यंत गप्प होते. रात्री म्हणाले, "म्हणजे ते जुनं मशीन मोठं नव्हतं. मीच तेव्हा नीट ऐकत होतो."

वरच्या सुरांत काय असतं? स, श, त, ट, फ, ख. स्वर खाली राहतात, व्यंजनं वर. अब्बांना शेवटच्या वर्षांत अजान ऐकू यायची, म्हणायचे, "आवाज येतो, शब्द येत नाहीत." आम्ही टीव्ही मोठा करायचो. त्याचा उपयोग नव्हता. जे व्यंजन कान पकडतच नाही, ते नुसतं मोठं करून परत येत नाही. बाकीचा गोंगाट तेवढा वाढतो. पुढे श्रवणयंत्र घेतलं, पण फार उशिरा. तपासणी दहा वर्षं आधी झाली असती तर अम्मा काय म्हणते ते त्यांना कळलं असतं. अम्मा हळू बोलायची. आयुष्यभर माईकजवळ राहिलेल्या माणसाची बायको शेवटी त्यांच्याशी हातवाऱ्यांनी बोलत होती.

माझ्या डाव्या कानात आता एक बारीक शिट्टी असते. रात्री जास्त. कविसंमेलनात शेजारचा कवी ‘सर’ म्हणाला की ‘तर’, हे मी त्याच्या ओठांवरून ओळखतो. यमकांवर पोट नसलं तरी जीव असलेल्या माणसाला हे सोपं नाही.

तज्ज्ञांचा हिशेब असा आहे. ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास काढता येतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. सार्वजनिक कार्यक्रमांत सरासरी आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं. आपल्या देशात २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि लाऊडस्पीकरचा आवाज सार्वजनिक जागेच्या हद्दीवर कोणत्याही स्थितीत ७५ च्या वर नाही. लक्षात घ्या, यात वॉट हा शब्दच नाही. परवाना मागताना आणि भांडताना आपण मात्र वॉटबद्दल बोलतो.

काही वर्षांपूर्वी पनवेलजवळच्या एका मशिदीच्या कमिटीने मला बोलावलं. आवाज आत नीट येत नाही, मोठं मशीन घ्यायचं होतं. लाऊडस्पीकरवाल्याचा मुलगा म्हणून सल्ला हवा होता. मी म्हटलं, मशीन आहे तेच ठेवा. एकच मोठा स्पीकर पुढे लावलाय, तो काढा. छोटे सहा लावा, माणसांच्या जवळ, कमी आवाजात. अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल फुकट मिळतात. तेवढ्यासाठी एरवी चौपट वॉट विकत घ्यावे लागतात. त्यांनी तसं केलं. पुढच्या शुक्रवारी एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "आज प्रवचनातलं सगळं कळलं. आवाज मात्र कमी होता." त्यांना ते दोन वेगळे मुद्दे वाटत होते.

हेच मी एका गणेशोत्सव मंडळालाही सांगितलं. त्यांनी चहा पाजला आणि भिंतच लावली. मी रागावलो नाही. वीस वर्षांच्या मुलांना कान संपतात हे कोण सांगणार? मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

अब्बांचं व्हॉल्व्हचं मशीन अजून घरात आहे. मी कधीकधी लावतो. अर्धा मिनिट थांबतो, नारिंगी उजेड येतो. आवाजाची खुंटी अगदी कमी ठेवतो. तेवढ्यात सगळं ऐकू येतं, निदान उजव्या कानाला.

आणि थाळीचा हिशेब? थाळीचा मला जमला नाही. पण जीव खाऊन ओरडणाऱ्या माणसाच्या तोंडून बाहेर पडणारी ध्वनीची ताकद एका वॉटच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. एवढ्यावर फडक्यांनी पुण्यात सभा भरवल्या. अब्बा आज असते तर त्यांना हा आकडा सांगितला असता. कानाजवळ जाऊन, सावकाश.